अर्ध्या यंत्राची पूजा

तेलाची कुपी हातात घेतली की आजही माझा हात आखडतो. परवा शिवणयंत्र कुरकुरत होतं म्हणून तेल घालायला बसलो, तर बायको म्हणाली, "अहो, औषध पाजताय का त्याला? घाला की नीट." मी एकच थेंब घातला आणि कुपी बंद केली. यंत्र चालू लागलं. माझ्या चिकटपणाबद्दल तिचं जे मत आहे ते आणखी पक्कं झालं असणार. आता तिला कसं सांगू, की हा चिकटपणा मुळात माझा नव्हेच. तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या माझ्या घरमालकांचा.

"एक थेंब. बस." हे त्यांचं पालुपद होतं. कॉफीत दूध एक थेंब, सुपात व्हिनेगर एक थेंब, आणि माणसाचं कौतुक करायचं झालं तर तेही तेवढंच. उभा जन्म त्यांनी पियानो सुरात लावण्यात घालवला होता. पियानोच्या खुंट्यांना कुणी शहाण्याने तेल पाजलं की तारा धरत नाहीत, वाद्य कायमचं उतरतं, असं ते सांगायचे. अशी मेलेली वाद्यं त्यांनी पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल ते आपण नात्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याहून तिथल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे इंजिनियरिंगच्या विद्यापीठात, पाण्याच्या टर्बाइनवर डॉक्टरेट करायला गेलो होतो आणि त्यांच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहत होतो. खोली देताना म्हातारबुवांनी तीन अटी घातल्या. दार आपटायचं नाही. बेसूर गायचं नाही. सुरात गायला हरकत नाही. आणि कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही. पहिल्या दोन मला समजल्या. तिसरीचं कारण विचारलं तर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खाली निघून गेले. पहिल्याच दिवसापासून ते मला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायला लागले. अहो, अजून कशात काही नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले की पुढे जाऊन हाक बदलायची कटकट नको.

कान मात्र असा, की थट्टा नव्हे. मी जिना चढताना दमलोय की खूश आहे हे त्यांना स्वयंपाकघरात बसून कळायचं. माझी फोडणी तडतडली की खालून विचारायचे, आज मोहरी ओली होती का? एकदा माझ्या खोलीचं दार त्यांनी चक्क काढून नेलं, बिजागऱ्या तळघरात नेऊन घासल्या आणि संध्याकाळी परत बसवलं. तोवर मी पडदा लावून अभ्यास करत होतो. विचारलं तर म्हणाले, तीन महिने सहन केलं, आता पुरे.

त्यांना या जगात एकच आवाज असा होता की ज्याच्यापुढे इलाज नव्हता. कुंपणापलीकडच्या बागेचं फाटक. ते असं काही किंचाळायचं की मलाही दात शिवशिवल्यासारखं व्हायचं. तिथले आजोबा सकाळी पाव आणायला निघाले की एकदा, परत आले की एकदा. म्हातारबुवा त्या वेळी हातातलं काम थांबवून डोळे मिटून घ्यायचे. मी म्हटलं, त्यांना सांगा ना तेल घालायला. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, मला सगळी हकीकत कळली. ती तळघरात कळली, कारण हिवाळ्यात उबेला बसायचं तर भट्टीजवळ, आणि भट्टीजवळ त्यांचं टेबल, आणि टेबलावर ते यंत्र. काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र. मी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांत मोठं शस्त्र म्हणजे विळी. म्हातारबुवांनी मला शिकवलं. उडवलेल्या काडतुसाचं कागदी नळकांडं टाकून द्यायचं नाही. त्याच्या बुडातली जुनी, ठिणगी पाडणारी टोपी काढायची, दांडा दाबून नवी बसवायची, वर मापाने दारू, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, मग छर्रे. आणि शेवटी नळकांड्याचं तोंड आत वळवून बंद करायचं. हे शेवटचं काम एका वेगळ्या छोट्या हातयंत्राचं. टेबलाच्या कडेला अडकवायचं, नळकांडं आत धरायचं आणि मूठ फिरवायची, की कागदाची कड गोल आत वळते. मी म्हटलं, म्हणजे करंजीला मुरड घालतात तसं. करंजी काय ते त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला, पण पटलं. त्या दिवसापासून आम्ही दोघंही त्याला मुरड म्हणायला लागलो. जर्मन तोंडातून तो शब्द 'मूराद' असा यायचा.

तर त्या टेबलावर सगळं होतं, मुरड नव्हती. मुरड पलीकडच्याकडे होती.

यंत्र दोघांचं मिळून होतं. तरुणपणी दोघांनी एकत्र घेतलेलं. शरद ऋतूत दोघं सशांच्या शिकारीला जायचे आणि त्याआधीचे रविवार काडतुसं भरण्यात घालवायचे. युद्ध संपलं, परक्या फौजा शहरात आल्या आणि हुकूम निघाला की घरातली शस्त्रं, दारूगोळा, सगळं आणून द्या. बंदुका दोघांनी मुकाट्याने नेऊन दिल्या. यंत्र द्यायला मात्र हात होईना. ते म्हातारबुवांच्या बागेत नासपतीच्या झाडाखाली पुरायचं ठरलं. पलीकडचे म्हणाले, पत्र्याची पेटी कर आणि डाख देऊन, झाळून बंद कर. म्हातारबुवा म्हणाले, लाकडी पेटी आणि तेलकागद पुरे. वाद झाला. तेव्हा पलीकडच्यांनी मुरड तेवढी वेगळी काढून घेतली आणि म्हणाले, निदान एवढं तरी मी माझ्या पद्धतीने ठेवतो. पुढे काही वर्षांनी जर्मनांना पुन्हा शिकारीची परवानगी मिळाली. दोघांनी मिळून खड्डा खणला. पेटी कुजली होती आणि आत यंत्र कुठलं, गंजाचा एक लाल गोळा होता. पलीकडचे खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि ते हसले.

बस, एवढंच झालं. तेव्हापासून बोलणं बंद.

"यंत्र गंजलं त्याचं मला काही नाही, हेर डॉक्टर," म्हातारबुवा म्हणाले. "लोखंड गंजतंच. पण तो हसला."

मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे पाहून मी ते गिळलं. आमच्या पुण्यात याहून क्षुल्लक कारणांवरून याहून लांबलेले अबोले मी पाहिले होते, तेव्हा मी तरी कुठल्या तोंडाने हसणार?

गंजाशी त्यांचं जे काही चाललं होतं त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ती मनधरणी होती. आधी रॉकेलमध्ये भाग बुडवून ठेवायचे, आठवडेच्या आठवडे. मग पितळी तारांच्या ब्रशने घासायचं, तेही हलक्या हाताने, कारण जोर केला की गंजाबरोबर लोखंडही जातं. दांडा आणि स्क्रू एकजीव झाले होते. त्यांना ते ऊब द्यायचे, थांबायचे, छोट्या हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. अजून नाही. मी म्हणायचो, पाना लावा आणि फिरवा. तर म्हणायचे, तो सुटेल तेव्हा सांगेल. एका रविवारी टिचकीचा आवाज बदलला. मलाही तो कळला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी नुसत्या बोटांनी स्क्रू फिरवला. मग तेल. एक थेंब.

दारू मोजायचं माप पितळेचं होतं आणि काळंठिक्कर पडलं होतं. मी वरून आईने पाठवलेल्या चिंचेतला गोळा आणला. त्यांनी आधी तो चाखला आणि खाण्याची वस्तू धातूला लावायची नाही म्हणून हटून बसले. शेवटी मीच घासलं. माप सोन्यासारखं झळाळलं, तेव्हा त्यांनी ते हुंगलं आणि "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणाले. माझं कौतुक त्यांनी मी तिथे असेतो तेवढंच केलं.

यंत्र तयार झालं, पण मुरडीवाचून त्याचा उपयोग काय? करंजी भरली आणि तोंड उघडंच. म्हातारबुवांनी घरची कॉफी दळायची गिरणी उघडून तिच्या मुठीपासून मुरड करायचा प्रयत्न केला. नळकांड्यांची तोंडं फाटली, आणि कॉफी कित्येक दिवस हातोडीने कुटून प्यावी लागली. मग मला म्हणाले, तुमच्या इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये करून मिळेल का? तिथला फोरमन म्हणाला, ड्रॉइंग आणा. ड्रॉइंग काढायचं तर मूळ वस्तू समोर हवी. म्हातारबुवा आठवणीतून काढायला बसले आणि एका वळणावर अडले. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर ते कुंपणाशी गुडघ्यावर बसून तण काढल्यासारखं करत पलीकडच्या खिडकीत डोकावत होते. ते आत आल्यावर मला राहवलं नाही. बंदुकांच्या दुकानात नवीन मुरड मिळते, तयार काडतुसंही मिळतात, मग ही यातायात कशाला, असं मी विचारलं.

"काडतुसं कुणाला हवी आहेत?" ते म्हणाले, आणि ड्रॉइंगचा कागद चुलीत घातला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी समजत होतो की म्हातारा शिकारीसाठी झुरतोय.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी बातमी आली की पलीकडचे घर विकून मुलीकडे कार्ल्सरूहेला कायमचे जाणार. ती पाववाल्या बाईंनी सांगितली. नोव्हेंबरच्या अखेरीस निघणार होते. म्हातारबुवा म्हणाले, बरं झालं, फाटकाची कटकट गेली. पण त्या संध्याकाळी त्यांनी यंत्राचा पुन्हा स्क्रू न् स्क्रू सुटा केला आणि सगळं स्वच्छ असताना पुन्हा घासायला घेतलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पलीकडचे एकदा गाडीत बसले की मुरड गेली, आणि तिच्याबरोबर जे काही जायचं ते सगळंच जाणार होतं. दोघांचीही वयं अशी, की पुढे कधीतरी बघू म्हणायची सोय नव्हती.

मग खंडेनवमी आली. ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही मराठी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण खंडेनवमी सोडायचो नाही. माझ्या खोलीत पाटावर स्लाइड रूल, कंपासपेटी आणि एकाचा कॅमेरा मांडला होता आणि सायकलीच्या हँडलला झेंडूऐवजी मालकांच्याच बागेतली पिवळी शेवंती. फुलं तोडली म्हणून ओरडायला म्हातारबुवा वर आले आणि दारातच थबकले. मी समजावलं की आज आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा असते. वर्षभर त्यांनी आपल्यासाठी राबायचं, आज आपण त्यांना नमस्कार करायचा, आणि आज त्यांना सुट्टी. ते खाली गेले. पुन्हा वर आले ते धापा टाकत, आणि छातीशी यंत्र.

"याचीही करा," ते म्हणाले. "पण कोरडं लावा. ओलं नको."

मी कोरडं हळदकुंकू लावलं. चिमूट नव्हे, कण. थेंबाचा हिशेब मला आता पाठ होता. ते शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. मग एकदम विचारलं, "अर्ध्या यंत्राची पूजा तुमच्यात चालते का?"

मी काही भटजी नव्हे. पण आमच्या घरी पूजेला एखादी गोष्ट, एखादं माणूससुद्धा हजर नसलं, की त्याच्या जागी सुपारी ठेवतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. ते मी सांगितलं. सुपारी नव्हती. त्यांनी कोटाच्या खिशातून अक्रोड काढला, यंत्राशेजारी, जिथे मुरड असायला हवी होती तिथे ठेवला आणि मला म्हणाले, यालाही लावा.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं कुठून आणायचं? आपट्याचं झाड तिथे कुठलं, पण होखशूलजवळच्या बागेत एक गिंकोचं झाड होतं. त्याचं पान आपट्यासारखंच मधोमध चिरलेलं, आणि ऑक्टोबरात ते असं पिवळंधमक होतं की आपलं हिरवं सोनं त्याच्यापुढे फिकं. मी रुमालभर वेचून आणली. म्हातारबुवांना वाकून दिलं. ते म्हणाले, हे आमच्यातही आहे. शिकार झाली की सोबती शिकाऱ्याला हिरवी डहाळी देतो, ती टोपीत खोवायची. मान तो. देणारा सोबतीच असावा लागतो. आणि त्यांनी ते पान आपल्या जुन्या हिरव्या टोपीच्या पट्ट्यात खोवलं.

माझ्याकडे पानं उरली होती. आता दसऱ्याला सोनं उरलं तर माणूस काय करतो? शेजारी जातो. मीही गेलो. त्या देशात आधी कळवल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाहीत हे विसरलो, आणि ती तिसरी अट तर साफच विसरलो. फाटक किंचाळलं तेव्हा जीभ चावली, पण तोवर पलीकडच्या आजोबांनी दार उघडलं होतं.

त्यांना मी पान दिलं. आमचा सण आहे, मोठ्यांना सोनं द्यायचं असतं, असं काहीबाही बोललो. त्यांनी पान उजेडात धरलं. मग हळूच विचारलं, आणखी कुणाला दिलंत? मी म्हटलं, तुमच्या शेजाऱ्यांना. त्यांनी ते टोपीत खोवलंय. आणि बोलण्याच्या ओघात अक्रोडाचंही सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई उगाच म्हणत नसे. ते ऐकून त्यांनी "आल्झो", म्हणजे "असं तर", एवढं म्हटलं आणि दार लावून घेतलं. घरी आलो तर म्हातारबुवा स्वयंपाकघरात बसलेले. फाटकाचा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि पावलं कुणाची तेही. मला वाटलं आता खोली सोडावी लागणार. पण ते उठून तळघरात गेले, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तळघरात होतो. यंत्र पुन्हा खाली टेबलावर आलं होतं, आणि मुरडीच्या जागी तो अक्रोडही. फाटक किंचाळलं. म्हातारबुवांनी सवयीने डोळे मिटले. पण या वेळी पावलं रस्त्याकडे गेली नाहीत. आमच्या दाराशी आली, जिना उतरली. पलीकडचे आजोबा आत आले. कोटाच्या बटणाच्या काजात गिंकोचं पान होतं आणि हातात फ्लॅनेलच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं. त्यांनी टेबलावरचा अक्रोड उचलून खिशात टाकला आणि त्या जागी ते कापड उघडलं.

मुरड होती. आरशासारखी लखलखीत. गंजाचा ठिपका नाही. मूठ बोटाने ढकलली तर आवाज न करता गरागरा फिरली. अशी वस्तू एका दिवसात घासून होत नाही, हे मलाही कळत होतं. इतकी सगळी वर्षं त्या माणसाने ती दर वर्षी काढून, पुसून, तेल घालून ठेवली होती. एकट्या मुरडीने काडतूस बनत नाही. मग ती तो कुणासाठी सांभाळत होता?

म्हातारबुवांनी मुरड उचलली, कानाशी नेली, मूठ फिरवली. बोटाला लागलेलं तेल पाहिलं. 

"ओटो," ते म्हणाले. ते नाव मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होतो. "तेल फार घालतोस."

"माहीत आहे," ओटो म्हणाले.

"आणि फाटकाला घालत नाहीस."

"फाटकाला मुद्दामच घालत नाही. मी घरी आहे हे तुला कळायला नको?"

मला तिथे उभं राहवेना. मी कॉफी करायचं निमित्त काढून वर आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहून डोळे पुसले. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

नोव्हेंबर त्यांचा होता. रविवारी तळघरात दोघं समोरासमोर बसायचे, एक टोप्या बसवायचा आणि दारू मोजायचा, दुसरा मुरड घालायचा, आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढायचे. एकदा उसन्या बंदुका घेऊन सशांच्या शिकारीला मलाही नेलं, आरडाओरडा करून ससे उठवायला. माझ्यासारख्या वरणभातवाल्याने जिवाच्या आकांताने आरडाओरडा केला आणि दोघांचेही नेम चुकले याचा मनातून आनंद मानला. परतताना ओटो म्हणत होते दारू कमी पडली, म्हातारबुवा म्हणत होते मुरड सैल होती. सशाबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग जायचा दिवस आला. आम्ही दोघं ओटोंना स्टेशनवर पोचवायला गेलो. म्हातारबुवांच्या हातात एक जड पेटी होती. पत्र्याची. कडा झाळलेल्या, झाकणाला रबर. ती त्यांनी कधी केली ते मला, त्याच घरात राहणाऱ्या माणसाला, कळलं नव्हतं. मला वाटलं, आत मुरड असेल, ओटोंची ती ओटोंना परत.

ओटोंनी ती उचलून पाहिली आणि वजनावरूनच ओळखलं. सगळं यंत्र होतं. ते म्हणाले, हे काय, हे दोघांचं आहे, इथेच राहू दे, मी येईन तेव्हा. येणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हातारबुवांनी पेटी पुन्हा त्यांच्या हातात ढकलली. गाडी लागली होती, दारं बंद होत होती, आणि ते दोघे पेटी इकडून तिकडे सरकवत उभे होते.

"तू ने," म्हातारबुवा शेवटी म्हणाले. "माझ्याकडे गंजतं."

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघायला सगळी वर्षं लागली होती. मी ओटोंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गाडीत चढले. खिडकीतून ते पार दिसेनासे होईपर्यंत आमच्याकडे बघत होते.

हसले नाहीत.